त्रैलोक्याचे राज्य आणि तीन पौंड पगार

चिनी वाचक हा मोठा मासलेवाईक प्राणी आहे. लेखकाने नवी कादंबरी सुरू केली की त्याने 'खड्डा खणला' असे हा वाचक म्हणतो. ती पुढे सरकू लागली की खड्डा 'भरत आला'. प्रकरणे उगाच लांबू लागली तर लेखक 'पाणी घालतो आहे.' (हा शब्दप्रयोग मात्र आपल्या गवळ्यांनीच त्यांना शिकवला असावा.) शेवट बिघडला तर 'शेपूट कुजले'. आणि कादंबरी अर्ध्यावर टाकून लेखक पसार झालाच, तर त्या कादंबरीला तो 'खोजा' म्हणतो. राजवाड्यातल्या खोजाचा आणि अपुऱ्या कादंबरीचा संबंध काय, हे सुज्ञांनी आपल्या मनाशी जुळवून घ्यावे. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात.

रोज एका प्रकरणासाठी जीव टांगणीला लावून घेण्यापेक्षा कादंबरी चांगली लठ्ठ होऊ द्यावी आणि मग एका बैठकीत तिचा फडशा पाडावा, असे म्हणणारेही काही संयमी वाचक आहेत. ते कादंबरी 'पोसायला ठेवतात', जणू गोठ्यातला बोकडच! या एवढ्या शब्दसंग्रहावरूनच कळते की, तिकडे कादंबरी वाचणे हा एकांतातला शांत उद्योग राहिलेला नाही. तो एक संसार आहे. त्यात रुसवेफुगवे आहेत, उधारी आहे, धाकदपटशाही आहे.

इंटरनेटवर रोज एकदोन प्रकरणांनी वाढत जाणाऱ्या या कादंबऱ्या. त्यांची सर्वांत नामांकित पेढी 'छीद्येन'. नावाचा अर्थ 'आरंभबिंदू'. ती २००२ साली निघाली आणि २००३ पासून तिने प्रकरणागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीची काही प्रकरणे फुकट. चटक लागली की पुढे, त्या सुरुवातीच्या काळात, हजार अक्षरांना दोन फेन पडत. युआनचा शंभरावा भाग म्हणजे फेन. दर असा कवडीमोल; पण कादंबरी चाळीसपन्नास लाख अक्षरांची आणि वाचक लाखांनी. त्यामुळे लेखकाची चूल वाचकाच्या रोजच्या मर्जीवर पेटते. दर महिन्याला वाचक आपल्या आवडत्या कादंबरीला मते देतात. खूश झाले तर वर बक्षिसी देतात. एका कादंबरीवर हजार युआन उधळणाऱ्याला 'संघाधिपती' अशी पदवीही मिळते. नाखूश झाले, म्हणजे एखाद्या लाडक्या पात्राला लेखकाने छळले, तर 'तुला दाढीची पाती पोस्टाने पाठवतो' अशी धमकी देतात. ती बहुधा थट्टेची असते. पण रोज सकाळी उठून हजारो लोकांची ही थट्टा वाचायची आणि संध्याकाळपर्यंत चार हजार अक्षरे पुरी करायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. 'थांग च्या सान शाओ' या टोपणनावाचा लेखक वर्षानुवर्षे एकही दिवस न चुकवता लिहीत राहिला, म्हणून तिकडे त्याचे नाव एखाद्या मल्लासारखे घेतले जाते.

छीद्येनने पुढे अशीही सोय केली की, वाचकाला प्रत्येक परिच्छेदाच्या बगलेत आपला शेरा लिहिता यावा. मला हे वाचून नवल वाटले नाही. आमच्या लहानपणी वाचनालयाच्या पुस्तकांत समासांमध्ये पेन्सिलीने लिहिलेले असेच शेरे असत. 'नायक मूर्ख आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तू शहाणा!' आणि रहस्यकथेच्या दहाव्या पानावर कोण्या दुष्टाने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले. फरक एवढाच की, आमचे शेरे लेखकापर्यंत कधी पोचले नाहीत.

आता या वाचकाला हवे तरी काय असते? त्याच्याकडे त्यासाठी एकच शब्द आहे: 'श्वांग'. उन्हातून आल्यावर माठातले पाणी घटाघटा प्यावे आणि जिवाला जे वाटावे ते श्वांग. नायकाचा अपमान व्हावा आणि अपमान करणाराच्या थोबाडीत त्याने ती सव्याज परत करावी, की वाचकाला श्वांग मिळाले. 'थ्येनत्सान थूतोउ' या लेखकाची २००९ ते २०११ या काळात चाललेली कादंबरी याचा नमुना आहे. इंग्रजीत तिचे नाव 'बॅटल थ्रू द हेवन्स'. लेखकाच्या नावाचा अर्थ 'स्वर्गीय रेशीमकिड्याचा बटाटा' असा काहीसा होतो. तिकडे टोपणनावे अशीच असतात. श्याओ येन हा मुलगा लहानपणी मोठा गुणी. पुढे तीन वर्षे त्याची सारी शक्ती कुठे जिरते ते कोणालाच कळत नाही. तेवढ्यात ठरलेली वधू, एका मोठ्या पीठाची शिष्या, चार मातब्बर माणसे घेऊन त्याच्या घरी येते आणि भर बैठकीत लग्न मोडते. बाप मान खाली घालून बसलेला. मुलगा काय करतो? तो स्वतःच काडीमोडाचा कागद लिहून तिच्या हातात ठेवतो आणि तीन वर्षांनी गाठ पडेल म्हणून बजावतो.

झाले! या एका बैठकीतून 'लग्नमोडीच्या कादंबऱ्या' असा एक स्वतंत्र कुळाचार निघाला. बैठकीतले मोडलेले लग्न आणि मुलाच्या बापाची खाली गेलेली मान म्हटल्यावर ते प्रकरण वाचायला चिनी असायला लागत नाही.

आमच्या घरात हे चिनी साहित्य शिरले ते सौ.च्या खुब्याच्या हाडातून. गेल्या वर्षी आषाढात ती मोरीत घसरली. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली असे डॉक्टर म्हणाले. पण ती अंथरुणातून उठेना. वॉकर पलंगाशेजारी उभा असे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. व्यायाम शिकवणारी मुलगी येई, समजावी, थकून जाई. "अहो, आता कशाला चालायचं? कुठं जायचंय मला?" हा तिचा प्रश्न. या प्रश्नाला उत्तर देण्याचा मी प्रयत्न केला. पण साठी उलटलेल्या नवऱ्याच्या उत्तरांत बायकोला नवे असे काही सापडत नाही.

आमची नात त्या वेळी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आमच्याकडेच राहत होती. तिला या कादंबऱ्यांचे वेड. २०१४ च्या अखेरीपासून हौशी भाषांतरकारांनी त्या इंग्रजीत आणण्याचा सपाटा लावला. ही मुलगी त्या फोनवर वाचते आणि जेवताना आपल्याशीच हसते. एका संध्याकाळी तिने आजीला श्याओ येनची गोष्ट मराठीत सांगायला घेतली. लग्न मोडायला ती मंडळी आली, इथवर आली आणि थांबली.

"मग गं?" सौ.ने कूस बदलून विचारले.

"मग दारापर्यंत दहा पावलं, आजी. पुढचं प्रकरण फुकट नाही."

छीद्येनचा सगळा व्यापार या पोरीने आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडला! हजार अक्षरांना दोन फेन, तशी प्रकरणाला दहा पावले. सौ. रागावली, "मेलीनं सावकारी मांडलीय" म्हणाली, आणि दहा पावले चालली.

श्याओ येनने तिला दाराबाहेर काढले, पण तो फार दिवस टिकला नाही. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे, कारण त्याच कारणावरून चिनी वाचकही आपल्या लेखकांशी भांडत असतात. नायक आधी गावात पहिला येतो, मग साम्राज्यात, मग कळते की साम्राज्य हा जगाचा एक कोपरा होता आणि त्याच्याहून शंभरपट बलवान माणसे पलीकडे राहतात. पुन्हा तो तळापासून चढू लागतो. अशा काही कादंबऱ्यांत पुढे ग्रह, तारे, विश्वे पणाला लागतात. पायरी चढली की नवी पायरी, आणि प्रत्येक पायरीवर तोच उर्मट श्रीमंत पोरगा, तेच थोबाडीत मारणे. त्यातून मेलेली माणसे गोळी चाटवून उठवता येतात, तुटलेला हात उगवतो. सौ.ने चौथ्या आठवड्यात निकाल दिला. "हे म्हणजे मारुतीचं शेपूट झालं. वाढतंय वाढतंय, पण लंका काही पेटत नाही." त्या दिवशी पावले सहाच पडली.

तेव्हा नातीने भात्यातला दुसरा बाण काढला. 'लॉर्ड ऑफ द मिस्टरीज'. लेखकाच्या टोपणनावाचा अर्थ 'पाण्यात बुड्या मारायला आवडणारा माकूळ'. २०१८ च्या एप्रिलपासून २०२० च्या मेपर्यंत ही चालली. चौदाशेच्या आसपास प्रकरणे, ४४ लाखांहून अधिक अक्षरे. एक आजचा चिनी तरुण झोपेतून जागा होतो तो दुसऱ्याच जगात, क्लाइन मोरेटी नावाच्या मुलाच्या देहात. वाफेची यंत्रे, गॅसचे दिवे, धुके. जुन्या इंग्लंडसारखा देश. देवदैत्य, गुप्त पंथ, सारे काही आहे. पण पहिली कित्येक प्रकरणे कशाने भरली आहेत म्हणाल? हिशेबाने! थोरला भाऊ बेन्सन कारकून आहे. धाकटी बहीण मेलिसा तंत्रशाळेत शिकते आणि पेनीपेनी वाचवते. पाव कितीला, मटण कितीला, भाडे किती. क्लाइनला एका गुप्त पथकात नोकरी लागते आणि आठवड्याला तीन पौंड पगार ठरतो, तेव्हा तो आकडा ऐकून भाऊबहिणींच्या तोंडाचा आ वासतो. मग ते चांगल्या आळीत घर घेतात.

सौ. उठून बसली. नवऱ्याच्या पहिल्या पगारात जिने दादरला बिऱ्हाड थाटले, तिला तीन पौंडांचे मोल समजावून सांगावे लागत नाही. "मोठ्या भावाचं लग्न व्हायचं असेल नाही?" असले प्रश्न सुरू झाले. मेलिसाला नवा झगा घेतला की नाही, याची तिला चिनी सम्राटापेक्षा अधिक काळजी.

या कादंबरीत शक्ती मिळते ती विषासारख्या अर्कांतून. बावीस मार्ग, आणि प्रत्येकाला नवव्या पायरीपासून शून्यापर्यंत उतरती गणती. पण जितके वर चढावे तितके वेड लागण्याचे आणि राक्षस होण्याचे भय वाढते. म्हणजे इथे बढती हीच धोक्याची. पथकात म्हातारा नील आहे, कचेरीच्या खर्चाची बिले फुगवणारा, गोड स्वभावाचा. तो आपल्या मेलेल्या वाग्दत्तेला परत आणण्याच्या नादात हातचा जातो. आणि कॅप्टन डन स्मिथ आहे. हा सज्जन पण अतिशय विसराळू. क्लाइन दारापर्यंत पोचला की याला काहीतरी आठवते, तो हाक मारतो, "थांब, आणखी एक." हे इतक्या वेळा होते की, वाचक त्या हाकेची वाट पाहू लागतो. सौ. तर नातीच्या आधीच "थांब, आणखी एक" म्हणायला लागली. तिची पावले आता दिवाणखान्यापर्यंत जात होती.

पहिल्या खंडाच्या शेवटी, शहर वाचवताना, डन स्मिथ मरतो. क्लाइनही मरतो. त्याला पुरतात. तो त्या थडग्यातून उठतो, पण घरी जाऊ शकत नाही. बेन्सन आणि मेलिसा यांच्या लेखी तो मेला आहे, आणि त्यांच्या जिवासाठी त्याला मेलेलेच राहावे लागते.

हे सांगून झाल्यावर खोलीत कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सौ.ने वॉकरला हात लावला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. नात रडकुंडीला आली. आपण आजीला गोष्ट सांगितली नसती तर बरे होते, असे तिला वाटले. मला वाटत होते, हे 'पाती पाठवण्या'चेच प्रकरण, फक्त सौ.जवळ लेखकाचा पत्ता नाही. चिनी वाचकांनीही या कॅप्टनसाठी असाच शोक केला. अनेकांनी तो खंड पुन्हा उघडणार नाही म्हणून सांगितले, आणि तेच लोक पुढचे प्रकरण पडण्याची वाट पाहत बसले.

तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून प्रश्न आला.

"अहो, त्या मेलिसाचं काय झालं असेल हो? दोन भावांतला एक गेला. शाळेत जाते का अजून?"

"मला काय ठाऊक? नातीला विचार."

"ती झोपलीय." थोडा वेळ गेला. मग पलंग करकरला आणि वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. डोळे मिटून पावले मोजत राहिलो. ती नातीच्या खोलीपर्यंत गेली. एकोणतीस झाली.

मला तेव्हापासून राहून राहून वाटते की, लाखो चिनी वाचक मते देऊन, पैसे देऊन, धमक्या देऊन जे मागतात ते आणि ज्यासाठी ते रात्री जागे राहतात ते, ही दोन वेगळी आहेत. मागतात ते श्वांग. नायक जिंकावा, लवकर जिंकावा, कोणालाही दयामाया दाखवू नये. शत्रूला क्षमा करणाऱ्या नायकाला ते कुचेष्टेने 'पवित्र माता' म्हणतात. (हे ऐकून सौ.ने विचारले होते, "मग धर्मराजाला काय म्हणतील?") पण जागवतो तो मेलेला विसराळू कॅप्टन. विश्व बुडणार म्हणून कोणाची झोप उडत नाही, कारण लेखक विश्व बुडू देणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मेलिसाच्या ताटासमोरची रिकामी खुर्ची मात्र भरून येणार नाही. आणि ती खुर्ची रिकामी वाटावी म्हणून आधी शंभरदोनशे प्रकरणे पावाचे आणि मटणाचे हिशेब लिहावे लागतात, 'पाणी घातले' असा ठपका सोसून.

नातीचे मत निराळे आहे, आणि तेही नोंदवले पाहिजे. तिचा आवडता नायक आहे फांग युआन. 'रेव्हरंड इन्सॅनिटी' या कादंबरीतला. हा उघडउघड दुर्जन. अमरत्व हवे, बाकी सारी दुनिया त्या वाटेवरचे सरपण, असा त्याचा बाणा. तो पाचशे वर्षांचे शहाणपण घेऊन पुन्हा पोरवयात जन्मतो आणि चुलताचुलतीने गिळलेला बापाचा वारसा थंड डोक्याने परत मिळवतो. इथपर्यंत तर भाऊबंदकी सोसलेल्या कोणाही मराठी माणसाने टाळ्या वाजवाव्यात; पुढे मात्र तो निरपराध माणसांनाही मुंगीसारखे चिरडतो.

"तुला हा आवडतो तरी कसा?" मी विचारले.

"आवडत नाही आजोबा. पण तो खोटं बोलत नाही. दुसरे नायक माणसं मारतात आणि वर आपण चांगले म्हणवतात. हा तसं म्हणवत नाही."

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. ही कादंबरी २०१२ साली सुरू झाली आणि २०१९ साली चीनमध्ये बंद पडली, दोन हजारांवर प्रकरणे होऊन अपुरीच. म्हणजे ती 'खोजा'. पण हा खोजा लेखकाच्या आळसाने झालेला नाही. आणि वाचकांना शेवट माहीत नसल्यामुळे फांग युआनला अमरत्व मिळाले की नाही, यावर अजून वाद चालतो. एका अर्थी त्याला ते मिळाले म्हणायचे.

वाचकाने कथेत हात घालावा की नाही, हा वाद इंटरनेटच्याही आधीचा आहे. हाँगकाँगचे जिन योंग हे या साऱ्या लेखकांचे आजे. १९५५ पासून ते वर्तमानपत्रांत रोज शौर्यकथांचा एकेक तुकडा लिहीत. १९५९ मध्ये त्यांनी 'मिंग पाओ' हे स्वतःचेच दैनिक काढले. साठीच्या दशकात ते युरोपच्या प्रवासाला निघाले तेव्हा चालू कादंबरी त्यांनी नी क्वांग या मित्रावर सोपवली. अट एकच: कोणाला मारू नकोस. नी क्वांगला त्यातली एक द्वाड, निर्दय मुलगी मुळीच आवडत नसे. त्याने अट पाळली. तिला मारले नाही, आंधळी केली! जिन योंग परतले तो हा प्रकार. आता डोळे परत कसे द्यायचे? त्यांनी ते आंधळेपण कथेत पुढे असे विणले की, तिच्यावर आंधळेपणाने प्रेम करणाऱ्या एका अभागी मुलाने आपलेच डोळे तिला दिले. जगातला सर्वांत रागीट वाचक काही काळ लेखकाच्या खुर्चीत बसला, आणि त्याने केलेली नासाडी लेखकाने सोन्यासारखी वापरून घेतली. पातीवाल्यांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. लेखकांनाही.

आपल्याकडेही 'क्रमशः' या शब्दाने पिढ्या छळल्या आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून तुकड्यातुकड्यांनीच घराघरांत गेल्या. पण तिथे आठवडाभर दम धरावा लागे. तेवढ्या आठवड्यात वाचक पात्रांशी मनातल्या मनात भांडून घेई, आणि अंक येईतो राग निवळत असे. रोज प्रकरण आणि हाताशी शेरा लिहायची सोय असली की राग निवळायला वेळच मिळत नाही. हा तोटाच मला मोठा वाटतो. चिनी तरुणांना तो तोटा वाटेल असे नाही.

सौ. मार्गशीर्षात वॉकर सोडून काठीवर आली. नात जूनमध्ये नोकरीसाठी बंगळूरला गेली. आता रविवारी संध्याकाळी फोनवर गोष्ट चालते, सौ. फोन कानाला लावून गच्चीवर फेऱ्या घालते. सध्या चालू आहे ते 'लांगया पांग', हाय येन या लेखिकेचे. २००६ मध्ये छीद्येनवरच आलेले. २०१५ मध्ये त्याची मालिका निघाली आणि तिने चीन गाजवला. सुरुवातीलाच सौ.ने खात्री करून घेतली होती, "पुरी झालेली आहे ना गं? खोजा नको मला." या गोष्टीत आकाशात कोणी उडत सूर्यचंद्र गिळत नाही. सत्तर हजार सैनिकांवर देशद्रोहाचा खोटा आळ आला आणि ते मारले गेले. त्यातून वाचलेला एक सेनापतीचा मुलगा, देहाने पार खचलेला, नाव आणि चेहरा बदलून राजधानीत येतो. शेकोटीपाशी शाल पांघरून बसतो, खोकतो आणि बुद्धीच्या जोरावर मेलेल्यांना न्याय मिळवून देऊ पाहतो. त्याच्याजवळ दिवस थोडे आहेत. सौ. त्याच्या खोकल्याचा हिशेब ठेवते. परवा म्हणाली, "आजच्या भागात तीनदा खोकला. औषध घेत नाही नीट."

मी ती मालिका सौ. दुपारी झोपते तेव्हा शेवटपर्यंत पाहून ठेवली आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर जायचे टाळतो. पण परवा कपडे काढायला गेलो आणि तिने फोनवर हात ठेवून मला थांबवले.

"अहो, तुम्हाला ठाऊक आहे ना पुढचं? तो जगतो का?"

मी कपडे गोळा करू लागलो.

"नको, सांगू नका," ती म्हणाली आणि फोन पुन्हा कानाला लावून पाण्याच्या टाकीकडे वळली. "हं, बोल गं. शेकोटीपाशी बसला होता, तिथून."